सेकंडहँड संगणकावरचे लिनक्स: हरवलेले ॲडमिन अधिकार परत कसे मिळवायचे

वापरलेला संगणक घेतला, लिनक्स व्यवस्थित सुरू झाले, पण लॉगिनच्या चौकटीत नाव जुन्या मालकाचे आणि पासवर्ड त्यालाही आठवत नाही. किंवा पासवर्ड मिळाला, आतही शिरता आले, पण काही इन्स्टॉल करायला जावे तर सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारी आज्ञा) सांगते की या युझरला परवानगी नाही. दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. यंत्रणा सुरू होत असताना तिला मध्येच अडवायचे, रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युझरचा) शेल, म्हणजे कमांड टाइप करण्याची जागा, मिळवायचा आणि तिथून पासवर्ड बदलायचा किंवा युझरला योग्य ग्रुपमध्ये घालायचे.

मशीन रीतसर तुमचे आहे हे इथे गृहीत धरले आहे. त्यावर एखाद्या कार्यालयाचे किंवा शाळेचे मालमत्ता क्रमांकाचे लेबल असेल, तर आधी विकणाऱ्याला विचारा आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायच्या; मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. जिथे उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही, तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

आधी ठरवा: ही यंत्रणा ठेवायची आहे का?

बहुतेक वेळा ठेवू नये. पासवर्ड बदलला म्हणजे मशीन तुमचे झाले असे नाही. आधीच्या माणसाने काय काय बसवले आहे, कोणती सेवा मागे चालू ठेवली आहे, दुसऱ्या कोणाची चावी आत आहे का, यातले काहीच तुम्हाला माहीत नसते. जपण्यासारखे काही नसेल तर पेन ड्राइव्हवरून नवे लिनक्स टाका, डिस्क पूर्ण पुसून. तासाभरात स्वच्छ मशीन हाती येते आणि ॲडमिनही तुम्हीच असता.

जुनी यंत्रणा ठेवायला सबळ कारण हवे. पुन्हा जुळवायला अवघड असलेला एखादा सेटअप त्यावर असेल, एखाद्या यंत्राला जोडलेले आणि आता न मिळणारे सॉफ्टवेअर असेल, किंवा विकणाऱ्याने त्यातल्या फाइली तुम्हाला जाणूनबुजून दिल्या असतील, तरच पुढची खटपट करा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का?

मशीन चालू करा आणि पासवर्ड नेमका कधी मागितला जातो ते पाहा. युझरचे नाव दिसण्याच्या आधी, काळ्या किंवा साध्या पडद्यावर डिस्क उघडण्यासाठी पासफ्रेज मागितली, तर डिस्क लक्स या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली आहे. पासफ्रेज मिळाली नाही तर तिथेच थांबा. यात मागचा दरवाजा नाही. उघडून देतो म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका, डिस्क पुसा आणि नवी यंत्रणा टाका.

पासफ्रेज न मागता थेट लॉगिनचा पडदा आला, तर काम होण्यासारखे आहे. लॉगिनचा पासवर्ड डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावत नाही. चालू यंत्रणा तुम्ही दिलेला पासवर्ड /ईटीसी/शॅडो या फाइलमधल्या हॅशशी (पासवर्डपासून बनवलेल्या सांकेतिक ठशाशी) ताडून पाहते, इतकेच. हॅशवरून मूळ पासवर्ड सहसा काढता येत नाही, पण रूट म्हणून ती फाइल लिहिता आली की नवा पासवर्ड घालता येतो, जुना माहीत असण्याची गरजच उरत नाही.

ग्रबच्या मेनूपर्यंत पोचणे

ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. अनेक मशीनवर त्याचा मेनू लपवलेला असतो. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर चालू केल्या केल्या शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय मशीनवर निर्मात्याचा लोगो दिसून गेला की एस्केप एकदा दाबा. जास्त वेळा दाबले तर मेनूऐवजी ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका, तिथे नॉर्मल (एन-ओ-आर-एम-ए-एल) टाइप करून एंटर दाबा आणि लगेच एकदा एस्केप दाबा. पॉप ओएससारख्या सिस्टमडी-बूट वापरणाऱ्या यंत्रणांवर ग्रब नसतो. तिथे सुरू होताना स्पेसबार दाबून धरला की मेनू दिसतो.

सोपी वाट: रिकव्हरी मोड

उबुंटू, मिंट आणि त्यांच्या कुळातल्या यंत्रणांवर आधी ही वाट धरा. मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सची ओळ उघडा आणि ज्या कर्नलपुढे (लिनक्सच्या गाभ्याच्या नावापुढे) रिकव्हरी मोड लिहिले आहे तो निवडा. थोड्या वेळाने एक छोटा मेनू येतो. त्यात रूट ही ओळ निवडून एंटर दाबा, पुन्हा विचारले तर पुन्हा एंटर. खाली शेवटी # चिन्ह असलेला प्रॉम्प्ट आला की तुम्ही रूट आहात.

तिथे पहिली कमांड ही:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

रिकव्हरी मोडमध्ये डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते, म्हणून ही ओळ. डिस्क आधीच लिहिण्यासाठी उघडी असेल तर तिने काही बिघडत नाही.

डेबियनवर मात्र ही वाट अनेकदा अडते. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड ठेवला असेल तर रिकव्हरी मोड तोच मागतो. ठेवला नसेल तर रूटचे खाते लॉक आहे असे सांगून शेल देत नाही. अशा वेळी पुढची वाट घ्या. ती जवळजवळ सगळीकडे चालते.

हमखास वाट: इनिटच्या जागी बॅश

कर्नल सुरू झाल्यावर सगळ्यात पहिला प्रोग्राम चालवतो तो इनिट. त्याऐवजी थेट बॅश चालव असे त्याला सांगितले, तर लॉगिनचा प्रश्नच येत नाही.

ग्रबच्या मेनूत नेहमीच्या ओळीवर जा, पण एंटर न दाबता ई दाबा. एक संपादक उघडेल. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. ती लांब असते, पडद्याच्या कडेला \ येऊन पुढच्या ओळीत वाहत जाते आणि तिच्यात रूट= नंतर डिस्कचा लांबलचक क्रमांक असतो. त्या ओळीच्या शेवटी सहसा आरओ, क्वाएट, स्प्लॅश असे शब्द दिसतात. आरओ (आर-ओ) काढून आरडब्ल्यू (आर-डब्ल्यू) करा. क्वाएट आणि स्प्लॅश पुसा. उबुंटूवर $ ने सुरू होणारा व्हीटी-हँडऑफ हा शब्द असेल तर तोही पुसा, नाहीतर शेल चालू असूनही पडदा काळा राहू शकतो. फेडोरावर आरएचजीबी (आर-एच-जी-बी) पुसा. मग ओळीच्या शेवटी एक जागा सोडून लिहा:

इनिट=/बिन/बॅश

यातले शब्द आय-एन-आय-टी, बी-आय-एन आणि बी-ए-एस-एच. = च्या दोन्ही बाजूंना जागा नको. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१० दाबले की मशीन याच बदलासह सुरू होते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, डिस्कवर काही लिहिले जात नाही. चुकले तर पुन्हा चालू करून नव्याने करा.

संपादकात कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो. तुमच्या कीबोर्डची मांडणी वेगळी असेल तर = आणि / वेगळ्या जागी सापडतील. पुढे बॅशमध्येही तसे होऊ शकते, म्हणून नवा पासवर्ड तात्पुरता का होईना, सर्व मांडण्यांत सारख्याच जागी असलेल्या अक्षरांचा ठेवा. फ्रेंच मांडणीत ए आणि क्यू यांची अदलाबदल असते, जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची. बरोबर टाइप करूनही लॉगिन नाकारले जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

काही सेकंदांत कर्नलच्या ओळी धावतात आणि शेवटी रूट@(नन):/# असा प्रॉम्प्ट उभा राहतो. वर जॉब कंट्रोल नाही अशी तक्रार दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

पासवर्ड बदलणे आणि ग्रुपमध्ये घालणे

आधी युझरचे खरे नाव पाहा. लॉगिनच्या पडद्यावर दिसते ते पूर्ण नाव असते, खात्याचे नाव वेगळे असू शकते.

कॅट /ईटीसी/पासडब्ल्यूडी

इथे पासडब्ल्यूडी म्हणजे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. प्रत्येक ओळीत : ने तोडलेले सात भाग असतात आणि तिसरा भाग युझरचा क्रमांक. माणसांची खाती सहसा १००० पासून सुरू होतात आणि इन्स्टॉल करताना बनवलेले पहिले खाते बहुधा १००० च असते. ६५५३४ क्रमांकाचे नोबडी खाते कोणा माणसाचे नाही.

समजा नाव सुमन आहे. तर:

पासडब्ल्यूडी सुमन

नवा पासवर्ड दोनदा विचारला जाईल. टाइप करताना ठिपकासुद्धा उमटत नाही, ते तसेच असते. पासवर्ड कमकुवत आहे असा इशारा आला तरी रूटने दिलेला पासवर्ड साधारणपणे स्वीकारला जातो. शेवटी पासवर्ड बदलल्याची ओळ दिसलीच पाहिजे. ती दिसली नाही तर बदल झालेला नाही.

ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर आला तर बहुधा डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडलेली असते. वरची रीमाउंटची कमांड द्या आणि पुन्हा करून पाहा. तरीही तोच एरर आला तर डीएफ -एच ने डिस्क गच्च भरली आहे का ते बघा. एक बाइटही मोकळी नसेल तर शॅडो फाइलची नवी प्रत लिहिता येत नाही. /वार/लॉग मधल्या जुन्या लॉग फाइली काढल्या की काम होते. क्वचित कोणीतरी शॅडो फाइलवर बदल न होण्याची खूण लावलेली असते. चॅटर (सी-एच-ए-टी-टी-आर) -आय /ईटीसी/शॅडो ने ती निघते.

आता सुडोचा अधिकार. डेबियन आणि उबुंटूच्या कुळात ग्रुपचे नाव सुडो आहे, फेडोरा आणि आर्चवर व्हील (डब्ल्यू-एच-ई-ई-एल).

यूझरमॉड -एजी सुडो सुमन

यूझरमॉड म्हणजे यू-एस-ई-आर-एम-ओ-डी. हायफननंतर ए छोटा आणि जी मोठा, कॅपिटल. हा छोटा ए विसरू नका. तो नसला तर युझर सुडोमध्ये जातो, पण बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो. मग प्रिंटर चालत नाही, आवाज येत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. कमांड सापडत नाही असे उत्तर आले तर पूर्ण पत्ता द्या: /यूएसआर/एसबिन/यूझरमॉड. आर्चवर व्हील ग्रुपची ओळ सुडोअर्स फाइलमध्ये आधीपासून # लावून बंद ठेवलेली असते. ती व्हीसुडो (व्ही-आय-एस-यू-डी-ओ) ने उघडून # काढल्याशिवाय नुसत्या ग्रुपचा उपयोग नाही. सुडोअर्स फाइल कधीही साध्या संपादकाने उघडू नका. व्हीसुडो जतन करण्याआधी व्याकरण तपासते, आणि त्या फाइलमधली एक चूक सगळ्यांचा सुडो बंद पाडते.

बाहेर पडताना आधी सिंक (एस-वाय-एन-सी) द्या, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरतात. मग:

एक्झेक /एसबिन/इनिट

एक्झेक म्हणजे ई-एक्स-ई-सी. रिकव्हरी मोडमध्ये असाल तर नुसते रीबूट पुरते. इनिटच्या वाटेने आला असाल तर साधे रीबूट चालत नाही, कारण ते ऐकायला सिस्टमडी (नेहमीचा इनिट प्रोग्राम) चालूच नसते. रीबूट -एफ चालते. एक्झिट टाइप केलेत तर कर्नल पॅनिक येतो. पहिलाच प्रोग्राम मेला म्हणून कर्नल थांबतो. सिंक दिलेले असेल तर नुकसान नाही, पॉवरचे बटण दाबून धरा आणि पुन्हा चालू करा.

फेडोरा आणि त्याच्या कुळातली एक जादा पायरी

तिथे एसईलिनक्स ही सुरक्षेची जादा व्यवस्था चालू असते. ते प्रत्येक फाइलवर एक लेबल ठेवते, आणि बॅशमधून पासवर्ड बदलताना शॅडो फाइल नव्याने लिहिली जाते ती योग्य लेबलाशिवाय. मग पासवर्ड अगदी बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. म्हणून बाहेर पडण्याआधी हे द्या:

टच /.ऑटोरीलेबल

टच म्हणजे टी-ओ-यू-सी-एच. फाइलच्या नावात / नंतर टिंब आहे आणि पुढचा शब्द सलग: ए-यू-टी-ओ-आर-ई-एल-ए-बी-ई-एल. पुढच्या वेळी सुरू होताना सगळ्या डिस्कवर लेबले पुन्हा लावली जातात आणि मशीन आपोआप एकदा रीबूट होते. मोठ्या फिरत्या डिस्कवर याला बराच वेळ लागतो, मध्येच वीज तोडू नका.

ग्रबलाच पासवर्ड असेल तर

ई दाबल्यावर युझर आणि पासवर्ड मागितला तर ग्रब बंदिस्त आहे. मग कोणत्याही लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावा आणि त्यावरून बूट करा. टर्मिनल उघडून सुडो -आय ने रूट व्हा. एलएसबीएलके -एफ (एल-एस-बी-एल-के) दिल्यावर सगळी पार्टिशन दिसतात. ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस लिहिलेले सगळ्यात मोठे पार्टिशन बहुधा तुमचे असते. साटा प्रकारच्या डिस्कवर त्याचे नाव एसडीए२ सारखे असते, एनव्हीएमई डिस्कवर एनव्हीएमई०एन१पी२ सारखे. मग:

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सीएचरूट /एमएनटी
पासडब्ल्यूडी सुमन

सीएचरूट म्हणजे सी-एच-आर-ओ-ओ-टी. माउंट केल्यावर /एमएनटी मध्ये ईटीसी नावाचे फोल्डर दिसत नसेल तर पार्टिशन चुकले आहे. बीटीआरएफएसवर खरी यंत्रणा सबव्हॉल्यूममध्ये (पार्टिशनच्या उपविभागात) असते, म्हणून माउंटला -ओ सबव्हॉल=@ जोडा. फेडोरावर @ च्या जागी रूट. यादीत एलव्हीएम (डिस्कचे भाग लवचीकपणे जोडणारी व्यवस्था) दिसले तर आधी व्हीजीचेंज -एवाय देऊन ते जागे करा आणि /डेव्ह/मॅपर मधले नाव वापरा. फेडोराची डिस्क असेल तर ऑटोरीलेबलची फाइल इथेही बनवायची.

पेन ड्राइव्हवरून बूटच होऊ देत नसेल, कारण फर्मवेअरला पासवर्ड आहे, तर डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉस जंपर किंवा सीआर२०३२ बॅटरी काही वेळ काढून ठेवणे बऱ्याचदा पुरते. लॅपटॉपवर सहसा नाही, कारण तिथे तो पासवर्ड वीज गेली तरी टिकणाऱ्या वेगळ्या चिपमध्ये असतो. खरेदीची पावती घेऊन निर्मात्याकडे जावे लागते. तोवर डिस्क काढून यूएसबी ॲडॉप्टरने दुसऱ्या लिनक्स मशीनला लावा आणि वरच्याच कमांड तिथे द्या.

लॉगिन झाले तरी उरणाऱ्या कटकटी

पासवर्ड स्वीकारला जातो, पण डेस्कटॉप पुन्हा पुन्हा कीरिंगचा (साठवलेल्या पासवर्डांच्या पेटीचा) पासवर्ड मागतो. ते बरोबरच आहे. कीरिंग जुन्या पासवर्डाने एन्क्रिप्ट केलेली आहे आणि रूटलाही ती उघडता येत नाही. होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/कीरिंग्ज मधली लॉगिन.कीरिंग ही फाइल काढून टाका. आत जुन्या मालकाचे पासवर्ड आहेत, ते गेलेलेच बरे.

होम फोल्डर रिकामे दिसते आणि त्यात फक्त एक-दोन विचित्र फाइली असतात, तर ते ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट केलेले आहे. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये १८.०४ च्या आधी ही सोय होती. जुन्या पासवर्डाशिवाय त्या फाइली मिळत नाहीत.

आणि खूप वेळा चुकीचा पासवर्ड टाकून झाल्यावर बरोबर पासवर्डही नाकारला जात असेल, तर खाते तात्पुरते लॉक झालेले असू शकते. फेललॉक (एफ-ए-आय-एल-एल-ओ-सी-के, चुकीचे प्रयत्न मोजणारे साधन) वापरणाऱ्या यंत्रणांवर मूळ मर्यादा तीन चुका आणि दहा मिनिटे असते. थांबा, किंवा रूट म्हणून फेललॉक --यूझर सुमन --रीसेट द्या.

जुन्या मालकाची वाट बंद करणे

जुन्याच खात्यात राहू नका. स्वतःचे नवे खाते बनवा, त्याला सुडो किंवा व्हीलमध्ये घाला, लॉगआउट होऊन त्यातून आत या, आणि सुडो -व्ही देऊन अधिकार खरेच मिळाले का ते बघा. ते चालल्यावरच जुने खाते काढा. उलट क्रमाने केले तर पुन्हा ग्रबपासून सुरुवात करावी लागेल. खाते नुसते पासडब्ल्यूडी -एल ने लॉक करून भागत नाही, कारण एसएसएचची (नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीची) चावी असेल तर पासवर्ड लॉक असूनही बाहेरून आत येता येते.

मग नजर फिरवा. /ईटीसी/पासडब्ल्यूडी मध्ये तिसरा भाग ० असलेली एकच ओळ असावी, रूटची. दुसरी दिसली तर ते लपवलेले रूट आहे. /ईटीसी/सुडोअर्स.डी मधली प्रत्येक फाइल वाचा, विशेषतः नोपासडब्ल्यूडी (एन-ओ-पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, मोठ्या अक्षरांत) लिहिलेल्या ओळी. /रूट आणि प्रत्येक होमखालच्या .एसएसएच फोल्डरमधली ऑथराइज्ड_कीज फाइल पाहा आणि अनोळखी चाव्या पुसा. एसएस -टीएलएनपी दिल्यावर बाहेरून जोडणी घेणाऱ्या सेवांची यादी येते. ज्या सेवेचा अर्थ लागत नाही ती बंद करा. ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांसाठी /ईटीसी/क्रॉन.डी आणि रूटचा क्रॉनटॅबही बघायचा.

विकणाऱ्याने लक्सची पासफ्रेज दिली असेल, तर क्रिप्टसेटअप लक्सचेंजकी (चेंजचा सी आणि कीचा के मोठा, कॅपिटल) ने ती बदला. त्याआधी क्रिप्टसेटअप लक्सडंप (डंपचा डी कॅपिटल) देऊन किती स्लॉट, म्हणजे पासफ्रेजचे कप्पे, भरले आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर कोणाची तरी दुसरी पासफ्रेज अजून चालते, ते स्लॉट लक्सकिलस्लॉट (किलचा के आणि स्लॉटचा एस कॅपिटल) ने रिकामे करा. पण आपली पासफ्रेज कोणत्या स्लॉटमध्ये आहे याची खात्री केल्याशिवाय नाही. पासफ्रेज बदलली तरी आतली मुख्य किल्ली तीच राहते, त्यामुळे आधीच्या मालकाने हेडरची (किल्ल्या ठेवणाऱ्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागाची) प्रत काढून ठेवली असेल तर ती प्रत आणि जुनी पासफ्रेज मिळून डिस्क अजूनही उघडते. क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट ने किल्लीही बदलते. त्याला डिस्कच्या आकाराप्रमाणे काही तास लागू शकतात, म्हणून आधी बॅकअप घ्या आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.